मास्तरांच्या बंदुकीची चाचणी

ओर्सोलाच्या लग्नाच्या फोटोत तिने पांढरे हातमोजे घातलेले आहेत. जूनमधलं लग्न, उन्हाने सगळ्या वऱ्हाडाचे डोळे बारीक झालेले, आणि नवरी कोपरापर्यंत मोज्यांत. सासूने पुढे वर्षभर ज्याला त्याला सांगितलं, की सुनेला शहरी मिजास आहे. मिजास कसली! अक्रोडाच्या हिरव्या सालीचा रंग एकदा तळहातात मुरला की महिना महिना निघत नाही, आणि ओर्सोला लग्नाच्या कितीतरी आधीपासून त्यात हात घालत होती.

इन्झारोलो गावात माणसाचा धंदा हातावरून ओळखतात. नळ्या घासणाऱ्यांच्या नखांत काळी रेघ, कोरीवकाम करणाऱ्यांच्या अंगठ्याला घट्टा, आणि बंदुकीच्या लाकडी दस्त्यांचं काम करणाऱ्यांचे हात कॉफीत बुडवून काढल्यासारखे. ब्रेशा शहराच्या वरच्या त्या खोऱ्यात शेकडो वर्षं बंदुकाच होत आल्या. पण बात्तिस्ताच्या कारखान्यात होणाऱ्या बंदुका ना शिकारीच्या होत्या, ना लढाईच्या. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या फौजी बंदुकांच्या त्या हुबेहूब नकला होत्या. तोंडातून दारू भरायची, गजाने गोळी ठासायची, मग बार काढायचा. हे सगळं अमेरिकेत जायचं. तिकडे बँकेत नाहीतर विम्याच्या कचेरीत काम करणारे लोक शनिवार-रविवारी निळे आणि करडे डगले घालून पणजोबांची उत्तर-दक्षिण यादवी पुन्हा लढायचे.

"मरत कोणी नाही ना?" ओर्सोलाने सुरुवातीला बात्तिस्ताला विचारलं होतं.

"पडतात मावशी, पण जेवणाच्या वेळेला उठतात."

"बरं आहे. आमच्या वेळी लढाई खरी होती आणि पोरांच्या हातात बंदुका लाकडाच्या."

पण त्या खोट्या लढाईतले लोक बंदुकीच्या बाबतीत भारी चोखंदळ. स्क्रूच्या डोक्यावरची खाच केसभर रुंद झाली तरी चार पानी पत्र यायचं. दस्त्याबद्दल मात्र आजवर एकही पत्र आलं नव्हतं, आणि हे ओर्सोला स्वतः कधी बोलून दाखवायची नाही. बात्तिस्ता बोलायचा. चौदाव्या वर्षी तिने कारखान्यात पाय ठेवला तेव्हा तो जन्मलेलाही नव्हता. त्याचा बाप मालक होता आणि ही भुसा झाडायची. मग घासकागद हाती आला, मग रंग, मग तेल. आता त्रेपन्नाव्या वर्षी ती दस्त्यावरून तळहात फिरवायची आणि सांगायची, की हा अजून पंधरा दिवस प्यायचा आहे, आणि कारखान्यात त्यावर कोणी वाद घालत नसे.

सत्त्याऐंशी सालच्या वसंतात अमेरिकेतून एक वेगळीच मागणी आली. तीन पट्ट्यांनी नळी लाकडाला बांधलेली लांब इंग्रजी बंदूक, अठराशे त्रेपन्न सालची, दोनशे नग. त्यातले सहा मात्र म्हातारे करून हवे होते. म्हणजे दस्त्यावर सव्वाशे वर्षांचा घाम, नळीवर गंजाचे बारीक देवीचे व्रण, जुन्या इंग्रजी खुणा, सगळं. इटलीच्या सरकारी चाचणीचे शिक्केसुद्धा नळीच्या पोटाला, लाकडाखाली झाकून मारायचे, म्हणजे वरून पाहणाऱ्याचा रसभंग नको.

नक्कल करायची तर समोर अस्सल पाहिजे. तशी एकच बंदूक गावात होती, आणि ती मास्तर अनसेल्मोंच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर. मास्तर ऐंशीचे. अर्ध्या गावाला त्यांनी चौथीपर्यंत शिकवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याच्या आईबापांना. ती बंदूक त्यांच्या आजोबांनी अठराशे साठ साली सिसिलीहून आणली होती, इटली एक करायला निघालेल्या गारिबाल्डीच्या स्वयंसेवकांत होते तेव्हा. ही मागणी यायच्या आधीपासूनच बात्तिस्ता दोन वर्षं खेटे घालत होता. वाइनच्या बाटल्या नेल्या, एकदा सशाचं मटण नेलं. मास्तर खायचे, प्यायचे, आणि "नाही" म्हणायचे. कारण सांगायचे नाहीत. मग त्या एप्रिलमध्ये एक दिवस आपणहून म्हणाले, "घेऊन जा. पण तीन अटी. बार काढायचा नाही. साफ करायची नाही. आणि मापं घेण्यापलीकडे कोणी हात लावायचा नाही."

"मास्तर, देवाच्या मूर्तीसारखी ठेवतो," बात्तिस्ता म्हणाला.

"देवाच्या मूर्तीला गावातल्या बायका रोज हात लावतात. तसं नको."

बंदूक आली, मापं झाली, सहा म्हाताऱ्या तयार झाल्या. त्यांना म्हातारं करण्याचं काम अर्थात ओर्सोलाचं. तीन आठवडे तिने लाकूड सालीच्या पाण्यात भिजवलं, काजळी चोळली, किल्ल्यांच्या जुडग्याने ठोकून ठोकून पोचे पाडले. शेजारी भिंतीवर मास्तरांची अस्सल टांगलेली असायची आणि ती एकेक करून सहाही बंदुका तिच्याजवळ धरून बघायची. शेवटी फरक एकच उरला. मास्तरांच्या बंदुकीचं लाकूड कोरडं होतं. स्वयंपाकघरातल्या चुलीच्या धगीने वर्षानुवर्षं सुकलेलं, राखाडी, कडांना बारीक चिरा पडू लागलेलं.

हे तिला बघवेना. आपल्याला दारात तहानलेलं जनावर उभं दिसलं की कसं होतं, तसं तिला कोरड्या लाकडाकडे पाहून व्हायचं. बुधवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर ती सहा बंदुकांना जवसाच्या तेलाचा शेवटचा हात देत होती. सहा झाल्या. चिंधीत तेल उरलं होतं. अट तिला ठाऊक होती. हातांना ठाऊक नसावी. बघता बघता सातवीही तेल पिऊन चमकायला लागली, आणि ओर्सोलाला जे समाधान वाटलं ते त्या सहांनी दिलं नव्हतं. वाऱ्याचा झोत नको म्हणून तिने मास्तरांची बंदूक खुंट्यांच्या रांगेत मधोमध सरकवली आणि घरी गेली.

गुरुवारी संध्याकाळी तिने चाचणीची पेटी भरली. खोऱ्यात बनणारी प्रत्येक बंदूक, खरी असो की नक्कल, आधी सरकारी चाचणीला जाते. तिथे दुप्पट दारू भरून दोन बार काढतात. नळी टिकली तर शिक्का, फुटली तर भंगार. पेटीत सहा बंदुका भरायच्या होत्या. शेवटच्या खुंटीवर अस्सल असते हे गेले दोन महिने ठरलेलं होतं. बुधवारचं विसरून तिने शेवटची सोडली आणि, तेल अजून ओलं म्हणून, बाकीच्या सहा नळीला धरून गवतात नीट लावून झाकण ठोकलं. शुक्रवारी सकाळी सातला बात्तिस्ता पेटी खाली नदीपलीकडे चाचणीघरात टाकून तसाच गाडी घेऊन ब्रेशाला निघून गेला.

नऊच्या सुमारास मास्तरांचा फोन आला. "ओर्सोला, आज चार वाजता माझी बंदूक घरी पाहिजे. भिंत मोकळी बघवत नाही."

"आणते मास्तर, मीच आणते."

तिने गुंडाळायला जुनी चादर घेतली, शेवटच्या खुंटीवरची बंदूक काढली आणि दस्त्याला हात घातला.

तळहाताने एका क्षणात सांगितलं. हे लाकूड माझं आहे.

ज्या ठिकाणी किल्ल्यांच्या जुडग्याचा तिसरा घाव जरा खोल गेला होता तो खड्डा तिच्या अंगठ्याखाली होता. तिने बंदूक उलटी केली. चापाच्या कडीमागे बारीक अक्षरात कारखान्याचा नंबर. ओर्सोला चादरीसकट खाली टेकली. सव्वाशे वर्षांची नळी. आतून कशी आहे कोणी पाहिलेली नाही. आणि खाली नदीपलीकडे कोणीतरी तिच्यात दुप्पट दारू भरणार.

चाचणीघराला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. तीच लांब टूं टूं. तिने फोन आपटला आणि ॲप्रन, लाकडी तळव्याच्या चपला, डोक्याला बांधलेला रुमाल, होती तशी निघाली.

कारखान्यापासून चाचणीघर दहा मिनिटांवर, उताराचा रस्ता. तिथले बार दिवसभर गावात ऐकू येतात, म्हणजे पाहुण्यांना येतात. गावकऱ्यांना आपल्या घरातल्या घड्याळाचे ठोके जसे ऐकू येत नाहीत तसे तेही येत नाहीत. त्या दिवशी ओर्सोलाला प्रत्येक बार ऐकू आला. बेकरीशी एक. चर्चच्या पायऱ्यांशी एक. बार झाला की ती थांबायची, आणि पुढचा होईपर्यंत पळायची. शिकारीच्या बंदुकीचा आवाज कोरडा, काठी मोडल्यासारखा असतो. काळ्या दारूचा आवाज जाड असतो, कुणीतरी भरलेलं पिंप जिन्यावरून सोडल्यासारखा. हे तिला तिच्या नवऱ्याने, फाउस्तोने शिकवलं होतं. तो सव्वीस वर्षं तिथे बार काढत होता आणि आता बहिरा होऊन घरी बसला होता.

पुलावर असताना जाड आवाज आला.

ती कठड्याला धरून उभी राहिली. खाली पाणी नेहमीसारखं वाहत होतं. दुसरा जाड आवाज आला. मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही.

"ओर्सोला, बरं वाटत नाही का?" सायकलवरून जाणाऱ्या कुणीतरी विचारलं.

"मी बरी आहे, माझ्या हातांना अक्कल नाही," ती म्हणाली आणि पुन्हा पळायला लागली.

चाचणीघरात उल्देरीको बाकावर बसून सलामी सॉसेजच्या चकत्या सुरीने कापून पावात भरत होता. तो फाउस्तोच्या हाताखाली शिकलेला, साधा, गोल तोंडाचा माणूस. त्याच्यामागे टेबलावर सहा बंदुका ओळीने आडव्या होत्या.

"वहिनी! अगं पेटी न्यायला तू कशाला आलीस? आत्ताच संपवल्या. सहाच्या सहा पास."

"सहा?"

"सहा."

"फुटली नाही एकही?"

"तोंड काय असं केलंयस? बात्तिस्ताची नळी कधी फुटलीय का? फक्त ही एक," त्याने सुरीने दाखवली, "आतून जरा खरखरीत लागली. म्हटलं, वा! बात्तिस्ताने आतूनसुद्धा म्हातारी केली. अमेरिकन खूश होणार."

ओर्सोलाने टेबलाला वळसा घातला. सुरीने दाखवलेली तीच होती. दस्त्यावर हात ठेवला. लाकूड जागच्या जागी, पट्ट्या घट्ट, नळी सरळ, धुराने काळी झालेली, अजून कोमट. आजारी पोराचा ताप उतरल्यावर आई कपाळावर ठेवते तसा तिने हात तिथेच ठेवला, आणि मग तिला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायला तिने जो रुमाल ओढला तो तेलाचाच निघाला.

"वहिनी, पाणी आणू का?"

"उल्देरीको, ही मास्तर अनसेल्मोंची बंदूक आहे."

"ह्यँ."

"भिंतीवरची. सिसिलीहून आणलेली. अस्सल."

उल्देरीकोने पाव खाली ठेवला. मग सुरी ठेवली. मग तोही बाकावर हळूच टेकला. "मी तिच्यात दुप्पट भरली," तो म्हणाला. "दोनदा."

"ऐकलं मी. पुलावरून."

"मास्तरांनी मला तिसरीत दोनदा नापास केलं होतं, वहिनी."

"म्हणजे हिशेब फिटला."

दोघं हसत सुटली. शेजारच्या खोलीतला कारकून डोकावून गेला. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते ओर्सोलाला त्या बाकावर बसून नीट कळलं.  उल्देरीकोने तिला अर्धा पाव दिला आणि तिने तो सगळा खाल्ला.

पण शिक्का? शिक्का बसला होता. लाकडातून नळी काढून तिच्या पोटाला ठोकलेल्या तीन ठसठशीत खुणा, यंदाच्या सालाच्या अक्षरांसकट. शिक्का एकदा बसला की पुसत नाही. पुसणं हा गुन्हाच.

बारा वाजता बात्तिस्ता परतला. सगळं ऐकून आधी त्याची पाचावर धारण बसली, मग बंदूक डोळ्यांनी पाहिल्यावर त्याने खुर्ची ओढली आणि दोन मिनिटं नुसता श्वास घेतला. तिसऱ्या मिनिटाला त्याचं व्यापारी डोकं सुरू झालं.

"मावशी, शिक्के कुठे आहेत?"

"खाली. लाकडाच्या आत."

"वरून दिसतात?"

"नाही."

"मास्तर नळी काढून बघणार आहेत?"

"ऐंशी वर्षांत काढली नाही, आता कशाला काढतील."

"मग झालं तर. बंदूक धडधाकट आहे, आपण बोलायचं नाही. म्हाताऱ्या माणसाला उगाच कशाला त्रास?"

"त्रास त्यांना की तुला?"

"दोघांना," बात्तिस्ता प्रामाणिकपणे म्हणाला.

ओर्सोला जेवायला घरी गेली. तिला स्वतःलाही गप्प बसायचंच होतं, हे खोटं कशाला सांगा. सकाळी बंदूक वाचावी एवढंच मागितलं होतं, ती वाचली, आता वर आणखी काही भोगायची तिची तयारी नव्हती. तिने मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळायला घेतला आणि टेबलाशी बसलेल्या फाउस्तोला सगळी हकीकत सांगितली. त्याला ऐकू येत नाही, म्हणूनच मोठ्याने सांगितली. तेल, खुंटी, पूल, बात्तिस्ता काय म्हणाला ते. मनावरचं ओझं उतरवायला बहिरा नवरा पाद्र्यापेक्षा बरा, असं ती नेहमी म्हणायची.

फाउस्तो तिच्या ओठांकडे पाहत होता. "किती दारू?" तो ओरडला. बहिरा झाल्यापासून तो सगळंच ओरडूनच बोलायचा.

तिने बोटांनी दाखवलं.

"दोनदा?"

तिने मान हलवली.

"आणि धरून राहिली? सव्वाशे वर्षांची?" त्याने टेबलावर थाप मारली. "काय लोखंड असेल! मास्तरांना सांगितलंस का? सांग त्यांना! मला कोणी सांगितलं असतं तर मी गावभर नाचलो असतो!"

खिडकी उघडी होती. आता गप्प बसण्यात तसाही अर्थ उरला नव्हता.

चार वाजता ती चादरीत गुंडाळलेली बंदूक घेऊन मास्तरांकडे गेली. मास्तर स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसले होते. मेणकापडावर शेंगांचा ढीग, पलीकडे भिंतीवर बंदुकीच्या आकाराचा फिकट पट्टा. ओर्सोलाने बंदूक टेबलावर ठेवली आणि बसायच्या आधीच, उभ्यानेच, शाळेत फळ्याशी उभं राहून म्हणायचं तसं सगळं म्हणून टाकलं. मधे थांबली असती तर पुढचं आलं नसतं.

 मास्तरांच्या हातात एक शेंग अर्धी सोललेली राहिली होती.

"तेल लावलंस?"

"हो मास्तर."

"मी काय सांगितलं होतं?"

"हात लावायचा नाही."

"चौथीतसुद्धा तुझं हेच होतं. पूर्ण ऐकायच्या आधी पाटीवर पेन्सिल." त्यांचा आवाज चढला. "तीन अटी, ओर्सोला! तीनच! शंभर गोष्टी नव्हत्या सांगितल्या. एकही पाळली नाहीत. तुम्ही लोक एक मोडून थांबला नाहीत, तिन्ही मोडल्या!"

"हो मास्तर."

"बारसुद्धा काढला!"

"दोन काढले, मास्तर."

मास्तरांनी ती शेंग खाली ठेवली. मग चष्मा काढून पुसला.  पुन्हा बोलले तेव्हा आवाज वेगळा होता.

"आणि नळी?"

"जशीच्या तशी."

"तडा?"

"नाही."

"जुना तडा? आधीपासूनचा? नीट पाहिलं का कोणी?"

"मास्तर, तडा असता तर पहिल्याच बाराला उघडली असती. उल्देरीकोने आतून दिवा घालून पाहिलं. जरा खरखरीत आहे, बाकी अखंड. सरकारचा शिक्का बसलाय तिच्यावर. मी तिथे रडले ते भीतीने नाही, सुटले म्हणून रडले."

चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवत मास्तर म्हणाले, "बस. उभी काय आहेस."

ती बसली.

"मी सात वर्षांचा होतो तेव्हापासून," ते म्हणाले, "या गल्लीत मला फुटक्या नळीचा नातू म्हणतात. म्हणजे म्हणायचे, म्हणणारे बहुतेक गेले. आजोबा जूनमध्ये सिसिलीला गेले आणि ऑगस्टमध्ये घरी. बाकीचे नेपल्सपर्यंत पोचले. लोक म्हणाले, पहिल्याच बाराला नळी आतून तडकली आणि बेर्नार्दो घाबरून पळाला. बाप सांगायचा, खोटं आहे. पण बापाने ती भिंतीवरून कधी उतरवली नाही. मीही नाही. या खोऱ्यात, ओर्सोला, जिथे दर दुसरा माणूस नळीत एक डोळा घालून सांगू शकतो, तिथे मी ऐंशी वर्षं कोणाला तीत डोळा घालू दिला नाही. असलाच तडा तर? म्हणून अटी. आणि मरायच्या आधी आपोआप कळलं तर बरं, म्हणून बात्तिस्ताला दिली. मापं घेताना काही दिसलं तर तो बोलेल, असं वाटलं. तो गाढव काहीच बोलला नाही."

"त्याला दस्त्याखेरीज आणि पैशांखेरीज काही दिसत नाही."

"दस्ता तुझा आहे. त्याला फक्त पैसे दिसतात." मास्तरांच्या तोंडावर काहीतरी सैल झालं. ते एकदम दहा वर्षांनी लहान दिसायला लागले, आणि ओर्सोलाच्या मनात आलं, सकाळी टेबलापाशी मीही अशीच दिसले असेन. "शिक्का दाखव."

तिने वाटाणे बाजूला सारले, तीन पट्ट्या सैल केल्या, नळी लाकडातून उचलली आणि उलटी करून मेणकापडावर ठेवली. मास्तरांनी भिंग आणलं. वाकून, नाक जवळजवळ लोखंडाला लावून, त्यांनी तिन्ही खुणा पाहिल्या. मग बोटाने चाचपल्या. मग पुन्हा पाहिल्या.

"इथे खाली का मारला?"

"अमेरिकनांना दिसायला नको असतो, म्हणून लपवून."

"लपवून?" मास्तर खरोखर चिडले. "आमच्या घराण्याला सव्वाशे वर्षांत पहिल्यांदा कोणी पास केलं आणि ते तुम्ही पोटाखाली लपवलं? वर मारायचा होता! चांगला ठसठशीत, दारातून दिसेल असा!"

"आता दुसरा मारायचा तर पुन्हा चाचणी, मास्तर. पुन्हा दोन बार."

मास्तरांनी क्षणभर विचार केला, हे तिने स्पष्ट पाहिलं. मग त्यांनी मान हलवली. "नको. एकदा पास झालेल्याला पुन्हा बसवू नये."

ते उठले, खिडकीशी गेले आणि गल्लीत ओरडले, "एत्तोरे! ए एत्तोरे! वर ये!"

समोरच्या दुसऱ्या मजल्यावरची झडप उघडली. एत्तोरे म्हणजे शाळेत मास्तरांच्याच बाकावर बसलेला, एकोणऐंशीचा, जन्मभर नळ्या सरळ करण्याचं काम केलेला. फुटकी नळी म्हणणाऱ्यांपैकी तेवढाच एक आता जिवंत होता. "काय आहे? माझी झोपायची वेळ आहे!"

"मेल्यावर झोप! वर ये म्हणतो ना!"

एत्तोरे काठी टेकत आला, पायात सपाता, शर्टाची बटणं खालीवर. ओर्सोलाने पुन्हा एकदा सगळं सांगितलं. या खेपेला ते सोपं गेलं. थोडं रंगवूनही झालं. एत्तोरेने नळी उचलली, खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि एक डोळा मिटून आत पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मास्तर त्याच्यामागे उभे होते, आणि निकाल लागलेला असूनही त्यांनी त्याच्या खांद्यावरून मान पुढे काढली होती.

"सरळ आहे," एत्तोरे शेवटी म्हणाला. "तडा नाही. कधी नव्हताच. चांगली नळी आहे, अनसेल्मो."

मास्तरांनी मान डोलावली.

"पण मग," एत्तोरेने नळी हळूच टेबलावर ठेवली, "नळी एवढी चांगली होती, तर तुझा आजोबा ऑगस्टमध्ये परत का आला?"

ओर्सोलाने ओठ दाबून धरले. मास्तरांनी एत्तोरेकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, आणि मग त्यांना हसू आलं, आधी नाकातून, मग सगळ्या अंगातून, इतकं की खुर्चीला धरावं लागलं.

"आजी होती ना घरी," ते म्हणाले. "नवीन लग्न झालेलं. बाप पुढच्या मे महिन्यातला. मोज की बोटांवर, गाढवा!"

एत्तोरेने खरंच मोजलं.

मास्तरांनी कपाटातून तीन पेले काढले आणि बाटली शोधायला लागले. ओर्सोलाने नळी पुन्हा लाकडात बसवायला घेतली, तशी ते पाठमोरेच म्हणाले, "आत्ता नको बसवूस, राहू दे तशीच पालथी. रात्रीपर्यंत अजून चारजणांना बोलावतो."